बुरशीची पट्टी चाचणीला नेताना

गेल्या आठवड्यात त्वचेच्या संवेदीकरण चाचणीचा, म्हणजे ॲलर्जीच्या चाचणीचा, अंतिम अहवाल हाती पडला आणि चौदा महिने चाललेले एक प्रकरण मिटले. अळंबीच्या देठांपासून तयार केलेला कायटिन-ग्लुकनचा, म्हणजे बुरशीच्या पेशीभित्तिकेतल्या द्रव्याचा, स्पंजासारखा तुकडा जखमेवर ठेवण्याजोगा आहे की नाही, याच्या प्राथमिक जैवसुसंगतता चाचण्या पूर्ण करणे, एवढेच माझ्याकडे सोपवलेले काम होते. एवढेच म्हणते खरे, पण सुरुवात केली तेव्हा कोणता अर्ज आधी करायचा, चाचणी प्रयोगशाळा किती नमुने मागेल आणि अहवाल उलटा आला तर त्याचा अर्थ कसा लावायचा, यांपैकी काहीही मला ठाऊक नव्हते. शोधनिबंधांत निष्कर्ष सापडतात, पण वाटेतली अडखळणी तिथे छापली जात नाहीत. म्हणून झाले तसे, क्रमाने लिहिते आहे. पैशांचे आकडे मात्र देत नाही, कारण एकाच चाचणीसाठी तीन प्रयोगशाळांनी दिलेल्या कोटेशनांत इतकी तफावत होती की माझा आकडा कोणाला उपयोगी पडण्याऐवजी दिशाभूलच करेल. खर्च कुठे झाला आणि कुठे टाळता आला असता, ते सांगते.

जानेवारी वाचनात गेला. कायटिन म्हटले की कोळंबी आणि खेकड्यांची कवचे आठवतात, आणि कायटिनपासून बनणारे, वैद्यकीय वापरातले बहुतेक कायटोसॅन आजही तिथूनच येते. पण हा पदार्थ पहिल्यांदा हाती लागला तो अळंबीतून. १८११ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तो वेगळा केला आणि त्याला ‘फंजिन’ म्हटले. कायटिन हे नाव १८२३ मध्ये, कीटकांच्या आवरणावर काम करणाऱ्या ओदिए यांनी दिले. पुढे १८५९ मध्ये रूजे यांनी कायटिन तीव्र अल्कलीत उकळून विरघळणारे रूप मिळवले, तेच नंतर कायटोसॅन म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे आम्ही काही नवे करत नव्हतो, मूळ ठिकाणी परत जात होतो. वैद्यकीय वापराचा विचारही जुनाच आहे. गॅनोडर्मा या बुरशीच्या फळकायेतून उरलेल्या चोथ्यापासून त्वचेला पर्याय म्हणून वापरता येईल असे आवरण तैवानमधल्या संशोधकांनी १९९७ मध्येच मांडले होते.

कवचांऐवजी बुरशी का, याची कारणे अर्जात लिहावी लागली आणि ती लिहिताना माझी मलाच स्पष्ट झाली. कवचात कॅल्शियम कार्बोनेट भरलेले असते आणि ते काढायला आम्लाची वेगळी पायरी लागते, ती बुरशीत जवळजवळ लागत नाही. कवचधारी जिवांची ॲलर्जी असणाऱ्यांना ज्या ट्रोपोमायोसिन या प्रथिनाचा मुख्यतः त्रास होतो, ते बुरशीच्या मालात नसते. बुरशीची लागवड नियंत्रित वातावरणात वर्षभर होऊ शकते, समुद्रातल्या हंगामावर अवलंबून राहावे लागत नाही. मात्र बुरशीतले कायटिन एकटे नसते. पेशीभित्तिकेत ते बीटा-ग्लुकन या शर्करांच्या साखळीशी रासायनिक बंधाने जोडलेले असते आणि सौम्य प्रक्रियेत ही जोडी सुटत नाही. हे वाक्य मी जानेवारीत वहीत लिहून ठेवले होते. त्याचा खरा अर्थ मला जुलैमध्ये कळला.

फेब्रुवारीत पहिली अडचण आली ती बुरशीच्या निवडीची. माझा कल रायझोपसकडे होता, कारण त्या गटातल्या बुरशींच्या पेशीभित्तिकेत कायटोसॅन तयारच असते. जैवसुरक्षा समितीपुढे प्रस्ताव ठेवला तेव्हा समितीतल्या एका ज्येष्ठ सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, “म्युकरमायकोसिस करणाऱ्यांतलीच ना ही?” मी सांगितले की अंतिम पदार्थात जिवंत बुरशी नसेल. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “ते तुम्ही सिद्ध कराल हो, पण उघड्या जखमेवर ठेवायच्या वस्तूसाठी दर वेळी सिद्ध करत बसाल.” त्यांचे म्हणणे मला तेव्हा झोंबले होते. आज वाटते, त्या एका वाक्याने माझे किमान तीन महिने वाचवले. ॲस्परजिलस नायजरचाही विचार झाला. त्यापासून केलेले कायटिन-ग्लुकन आणि कायटोसॅन अन्नघटक म्हणून वापरात आहे, पण या बुरशीचे काही प्रकार ऑक्रॅटॉक्सिन आणि फ्युमोनिसिन तयार करतात, म्हणजे विषारी घटकांच्या चाचण्यांचा आणखी एक संच आला असता. शेवटी ॲगॅरिकस बायस्पोरस, म्हणजे नेहमीची पांढरी बटण अळंबी, ठरली. तिच्यापासूनचे कायटोसॅन वैद्यकीय उत्पादनांत आधीच वापरले गेले आहे आणि तोडणीनंतर छाटून टाकले जाणारे देठ भरपूर मिळतात.

देठ टाकाऊ असले तरी त्यांची कागदपत्रे टाकाऊ नसतात. मार्च महिना जवळजवळ पूर्ण त्यातच गेला. उत्पादकाकडून स्पॉनचा, म्हणजे अळंबीच्या बियाण्याचा, प्रकार, कंपोस्ट आणि वरच्या मातीच्या थराचा स्रोत, वापरलेली कीटकनाशके आणि प्रत्येक तोडणीची तारीख लेखी घ्यावी लागली. अळंबी जमिनीतली कॅडमियमसारखी जड मूलद्रव्ये ओढून घेते, त्यामुळे प्रत्येक लॉटचा जड धातूंचा अहवालही जोडावा लागला. पहिला लॉट आम्ही अशी नोंद न घेताच वापरला होता. त्यातून निघालेला सुंदर, पांढराशुभ्र माल पुढे कोणत्याही अधिकृत चाचणीला पाठवता आला नाही आणि तो विद्यार्थ्यांना हाताळणी शिकवण्यासाठी संपला. कच्चा माल दारात येण्याआधी नोंदवही उघडा, हे सांगायला सोपे आहे. पण माल हाताशी असताना कागदाची वाट पाहत बसणे अवघड जाते, हे मी कबूल करते.

एप्रिल आणि मे निष्कर्षणाचे होते. देठ धुवून, मातीचा थर खरवडून, वाटून गरम पाण्यात अर्धा तास ठेवायचे, म्हणजे विरघळणाऱ्या शर्करा निघून जातात. मग सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये सुमारे ६५ अंश सेल्सिअसला तीन तास ठेवले की प्रथिने सुटतात. मग धुणे. धुणे म्हणजे काय, ते या दोन महिन्यांत समजले. गाळणीवर उरलेला लगदा भिजवलेल्या कागदाच्या लगद्यासारखा दिसतो, बोटांना किंचित बुळबुळीत लागतो, आणि ती बुळबुळ जाईपर्यंत धुतच राहायचे असते. कापलेले देठ हवेत तपकिरी पडतात, कारण त्यांतले टायरोसिनेज हे विकर रंगद्रव्य तयार करते. तो रंग घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरण्याचा मोह आम्हांला झाला. मार्गदर्शक मॅडमनी तो मोडून काढला. त्या म्हणाल्या, “पांढरी दिसली नाही तर जखम तक्रार करणार नाही. पेरॉक्साइड उरले तर पेशी करतील.” म्हणून आमची पट्टी फिकट बदामी रंगाचीच राहिली. लगदा ब्लेंडरमधून बारीक करून, साच्यात ओतून, गोठवून, शीतशुष्कन यंत्रात दोन दिवस ठेवला की जेमतेम चार मिलिमीटर जाडीचा हलका स्पंज मिळतो. अवरक्त वर्णपटात कायटिनची खूण दिसली, प्रथिनांचे प्रमाण किमान पातळीवर आले, आणि मेच्या शेवटी आम्ही पहिले अधिकृत नमुने बाहेरच्या चाचणी प्रयोगशाळेला पाठवले.

इथे आमच्याकडून सगळ्यांत महाग चूक झाली. तिचा पत्ता ऑगस्टअखेरपर्यंत लागला नाही, म्हणून ती तिथेच सांगते.

वैद्यकीय साधनांच्या जैविक मूल्यमापनासाठी आयएसओ १०९९३ ही मानकांची मालिका वापरतात. तिच्या पाचव्या भागात पेशीविषाक्ततेची चाचणी आहे. नमुना पेशींच्या पोषक माध्यमात ३७ अंशांना २४ तास ठेवून अर्क काढतात आणि तो अर्क उंदराच्या एल९२९ या तंतुजनक पेशींवर घालतात. नियंत्रण पेशींच्या तुलनेत ७० टक्क्यांहून कमी पेशी जिवंत राहिल्या तर पदार्थ विषारी असण्याची शक्यता मानली जाते. वाचायला सोपे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेतून फोन आला की अर्कच मिळाला नाही. आमच्या स्पंजाने घातलेले सगळे माध्यम शोषून घेतले होते आणि नळीत ओतायला एक थेंबही उरला नव्हता. मानक मुख्यतः प्लॅस्टिक, धातू, रबर अशा वस्तू डोळ्यांपुढे ठेवून वापरले जाते. तिथे दर चौरस सेंटिमीटरमागे किंवा दर ग्रॅममागे ठरलेले माध्यम घालायचे असते. शोषक पदार्थांसाठी बाराव्या भागात सोय आहे: आधी नमुना किती द्रव पितो ते मोजायचे आणि तेवढे माध्यम ठरलेल्या मात्रेच्या वर जादा घालायचे. पण हे प्रयोगशाळेला आपण सांगावे लागते. विनंतीपत्रात शोषणक्षमतेचा रकाना असतो. मी तो रिकामा सोडला होता, कारण मला वाटले तो पट्टीच्या कामगिरीबद्दल आहे.

जादा माध्यम घालून चाचणी पुन्हा झाली आणि निकाल ७० च्या बराच खाली आला. अहवाल वाचून मी त्या संध्याकाळी कोणाशी बोलले नाही. पेशी मेल्या आहेत, म्हणजे पदार्थ विषारी आहे, म्हणजे पाच महिने वाया, अशी सरळ रेषा मनात आखली गेली होती. दुसऱ्या दिवशी मॅडमनी प्रयोगशाळेकडून अर्कांची छायाचित्रे मागवली. पेशींच्या माध्यमात फिनॉल रेड हा दर्शक असतो. सामू ठीक असेल तेव्हा माध्यम लालसर नारिंगी दिसते, अल्कधर्मी झाले की गडद गुलाबी होते. छायाचित्रात नियंत्रणाच्या नळ्या लाल होत्या आणि आमची नळी जास्वंदीसारखी गुलाबी होती. पेशींना बुरशीने मारले नव्हते, अल्कलीने मारले होते. बाहेरच्या धुण्याच्या पाण्याचा सामू सात आला की आम्ही धुणे थांबवत होतो, पण तंतूंच्या आत अडकलेली अल्कली चोवीस तासांच्या अर्कात हळूहळू बाहेर येत होती. त्यानंतर धुण्याची पद्धत बदलली. लगदा आणखी बारीक करून धुवायचा, मग रात्रभर ताज्या पाण्यात भिजत ठेवायचा, आणि सकाळचा सामू मोजायचा. सकाळचा आकडा सलग तीन दिवस सारखा आला तरच पुढे जायचे. त्या बदलानंतरचा निकाल मर्यादेच्या आरामात वर आला. पेशीविषाक्ततेचा अहवाल उलटा आला तर आधी अर्काचा सामू आणि रंग विचारून घ्या. तो अहवालात छापलेला नसतो, पण विचारला तर सांगतात.

जुलैमध्ये एंडोटॉक्सिनची चाचणी होती आणि या संपूर्ण प्रवासातला सगळ्यांत शिकवणारा भाग हाच ठरला, म्हणून इथे जरा थांबते.

एंडोटॉक्सिन म्हणजे ग्रॅम-ऋण या मोठ्या गटातल्या जिवाणूंच्या बाह्य आवरणातला लायपोपॉलिसॅकराइड. तो रक्तात गेला तर ताप आणि त्याहून गंभीर परिणाम होऊ शकतात. जिवाणू मेले तरी तो उरतो आणि ऑटोक्लेव्हमध्येही, म्हणजे दाबाखालच्या वाफेतही, टिकतो. तो शोधायला नालखेकड्याच्या, म्हणजे लिम्युलसच्या, निळ्या रक्तातल्या पेशींचा अर्क वापरतात. फ्रेडरिक बँग आणि जॅक लेव्हिन यांच्या १९५० आणि ६० च्या दशकांतल्या कामातून ही चाचणी उभी राहिली. एंडोटॉक्सिनचा अंश असला की अर्कातली विकरे एकापाठोपाठ एक जागी होतात आणि द्रावण गोठते. वैद्यकीय साधनांसाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा प्रत्येक साधनामागे २० एकके आहे. आमचा आकडा त्या मर्यादेच्या कितीतरी पट वर आला. इतका वर, की मोजणीच्या कक्षेत आणायला अर्क पुन्हा पुन्हा विरल करावा लागला.

मला त्या आकड्यात विसंगती दिसत होती. आम्ही लगदा गरम अल्कलीत तीन तास ठेवत होतो आणि अल्कली एंडोटॉक्सिन निष्प्रभ करते. मग हे आले कुठून? उत्तर नालखेकड्याच्या रक्तातच आहे. त्याच्या पेशींत गोठण्याची साखळी सुरू करणारी दोन दारे असतात. एक दार, घटक सी, जिवाणूंच्या एंडोटॉक्सिनने उघडते. दुसरे दार, घटक जी, उघडते ते १,३-बीटा-ग्लुकनने, म्हणजेच बुरशीच्या पेशीभित्तिकेच्या द्रव्याने. त्या प्राण्याच्या दृष्टीने दोन्ही शत्रूच, त्यामुळे पुढची गुठळी सारखीच. आमची पट्टी अर्धीअधिक ग्लुकनचीच होती. चाचणी चुकली नव्हती. तिने बुरशी ओळखली होती आणि आम्ही त्या आकड्याला जिवाणू समजून बसलो होतो.

यावर दोन मार्ग होते. एक म्हणजे ग्लुकन-अवरोधक द्रावण वापरणे. त्यात घटक जीला आधीच गुंतवून ठेवले जाते, म्हणजे नमुन्यातल्या ग्लुकनला दार सापडत नाही. दुसरा म्हणजे पुनःसंयोजित घटक सी वापरणे. त्यात नालखेकड्याचे रक्तच नसते, फक्त एंडोटॉक्सिनचे एकटे दार जनुक-तंत्राने बनवलेले असते. युरोपीय औषधसंहितेत या पद्धतीचा स्वतंत्र अध्याय २०२१ पासून लागू झाला आहे. आमच्या प्रयोगशाळेकडे पहिला मार्ग होता, दुसऱ्यासाठी नमुने दुसरीकडे पाठवावे लागले, आणि मॅडमच्या आग्रहावरून आम्ही दोन्ही केले. तीन आठवडे वाट पाहिली. अवरोधक घालताच आकडा कोसळला आणि दोन्ही पद्धतींचे उत्तर जवळजवळ सारखे आले. पण ते शून्य नव्हते. मर्यादेच्या किंचित वर काहीतरी उरलेच होते.

उरलेले एंडोटॉक्सिन खरेच एंडोटॉक्सिन होते आणि ते आमच्या पाण्यातून येत होते. अल्कलीनंतर दहा-बारा वेळा ज्या ऊर्ध्वपातित पाण्याने आम्ही धुत होतो, ते प्लॅस्टिकच्या टाकीत साठवलेले असे. निर्मळ दिसणाऱ्या साठवणीच्या पाण्यातही ग्रॅम-ऋण जिवाणू मजेत वाढतात. म्हणजे अल्कली जे नष्ट करत होती, ते आम्ही धुण्याने परत घालत होतो. शेवटची तीन धुणी एंडोटॉक्सिनमुक्त पाण्याने करायची आणि काचेची भांडी २५० अंशांना अर्धा तास तापवून घ्यायची, एवढ्यावर तो प्रश्न सुटला. नमुन्यात मुद्दाम ठरावीक एंडोटॉक्सिन मिसळून ते ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान परत मोजता येते का, हे पाहणारे नियंत्रण अहवालात असलेच पाहिजे, कारण शोषक पदार्थ एंडोटॉक्सिन गिळूनही खोटे समाधान देऊ शकतो. आमच्या पहिल्या अहवालात ते नियंत्रण होते, पण मी पान उलटून पुढे गेले होते.

ग्लुकन झाकून चाचणी उत्तीर्ण केली म्हणजे ग्लुकन शरीराला दिसत नाही, असे मात्र नाही. आपल्या भक्षक पेशींवर डेक्टिन-१ नावाचा ग्राहक असतो आणि तो बीटा-ग्लुकन ओळखतो, हे २००१ मध्ये दाखवले गेले. म्हणून मोनोसाइट या मानवी पांढऱ्या रक्तपेशींवर आधारित ज्वरकारक चाचणीही आम्ही करून घेतली. मानकाची सक्ती म्हणून नव्हे, स्वतःच्या समाधानासाठी. तिचा निकाल पट्टीच्या बाह्य वापरापुरता स्वीकारण्याजोगा निघाला. हाच पदार्थ शरीराच्या आत रोपण करायचा असता, तर मी या अहवालावर विसंबले नसते. ‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हा युक्तिवाद या क्षेत्रातल्या भाषणांत फार ऐकू येतो आणि मला तो दर वेळी अस्वस्थ करतो. बुरशीला ओळखून तिच्याशी लढणे हे आपल्या शरीराचे फार जुने काम आहे.

ऑगस्टअखेर निर्जंतुकीकरणाचा विषय निघाला आणि मे महिन्यातली चूक उघडी पडली. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना स्पंज बसला आणि गडद तपकिरी झाला. इथिलीन ऑक्साइड वायूने आकार टिकला, पण सच्छिद्र पदार्थात वायूचे अवशेष अडकतात आणि ते मर्यादेखाली येईपर्यंत हवेशीर ठेवून पुन्हा मोजत राहावे लागते. गॅमा किरणांची नेहमीची २५ किलोग्रेची (किलोग्रे हे किरणांची मात्रा मोजायचे एकक) मात्रा दिली तर स्पंज किंचित पिवळसर झाला आणि ओला केल्यावर आधीपेक्षा लवकर फाटू लागला, कारण किरणांनी बहुवारिकाच्या साखळ्या तुटतात. १५ किलोग्रेची कमी मात्रा वापरायची सोय मानकात आहे, पण त्यासाठी निर्जंतुकीकरणापूर्वी प्रत्येक नगावर सरासरी दीडपेक्षा जास्त सूक्ष्मजीव असता कामा नयेत, आणि अळंबीपासून बनवलेल्या मालाला ही अट साधी नाही. आम्ही २५ वरच राहिलो आणि स्पंजाची घनता वाढवून फाटण्यावर उपाय केला.

हे ठरल्यावर मूल्यमापनाचा आराखडा तपासणाऱ्या सल्लागार बाईंनी विचारले, “पेशीविषाक्ततेचे नमुने निर्जंतुक केल्यानंतरचे होते ना?” नव्हते. आयएसओ १०९९३ अंतिम, वापरायला तयार स्वरूपातल्या साधनाचे मूल्यमापन मागते. आम्ही पाठवलेले नमुने अनिर्जंतुक, आणि आता तर वेगळ्या घनतेचेही होते. किरणांनी तुटलेल्या साखळ्यांतून नवे लहान रेणू निघू शकतात, त्यामुळे जुना निकाल नव्या पट्टीला लावता येत नाही. सप्टेंबरमध्ये पेशीविषाक्तता आणि एंडोटॉक्सिन या दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्या लागल्या. चाचण्यांवर झालेल्या आमच्या एकूण खर्चापैकी जवळजवळ एक तृतीयांश या पुनरावृत्तीत गेला. आधी आकार आणि घनता गोठवा, मग निर्जंतुकीकरणाची पद्धत गोठवा, मग वेष्टन, आणि त्यानंतरच पहिला नमुना बाहेर पाठवा. आम्ही हे नेमके उलट्या क्रमाने केले. बॅच आणि नमुन्यांचा हिशोबही वाढवून धरा. आम्ही प्रत्येक चाचणीला लागतील तेवढेच नग बनवले होते आणि दोन वेळा केवळ चार-पाच नग कमी पडले म्हणून महिनाभर खोळंबलो.

ऑक्टोबरमध्ये त्वचेचा दाह तपासणारी चाचणी झाली आणि ती प्राण्यांविना झाली, याचे मला समाधान आहे. मालिकेच्या २०२१ मध्ये आलेल्या तेविसाव्या भागात प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी बाह्यत्वचेच्या नमुन्यावर अर्क घालून पाहता येते. संवेदीकरणासाठी, म्हणजे वारंवार संपर्कानंतर ॲलर्जी होते का हे पाहण्यासाठी, मात्र गिनी पिग वापरावे लागले. प्रत्येक अर्कासाठी किमान दहा चाचणीचे आणि पाच नियंत्रणाचे, आणि अर्क दोन, एक क्षारद्रावणातला आणि एक तेलातला. म्हणजे तीस प्राणी.

प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात ही संख्या लिहिताना माझा हात अडखळला. अर्जात पर्याय शोधले का, संख्या कमी करता येईल का, वेदना कमी करता येईल का, असे तीन मोठे रकाने असतात. त्यांचे मूळ रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तत्त्वांत आहे. माझा पहिला अर्ज परत आला. पर्याय उपलब्ध नाहीत, असे एका ओळीत लिहिले होते म्हणून. कोणत्या पर्यायी पद्धती पाहिल्या, आमच्या अविद्राव्य पदार्थाला त्या का लागू पडत नाहीत, याचे दोन पानी उत्तर लिहून दुसऱ्या बैठकीत तो मंजूर झाला. बैठक दोन महिन्यांतून एकदाच होत असल्याने ही एक ओळ मला दोन महिन्यांना पडली. समितीच्या बैठकीची तारीख आधी विचारून घ्या आणि त्यापासून मागे मोजत काम आखा.

मंजुरी डिसेंबरच्या मध्यात मिळाली. प्रत्यक्ष चाचणीला प्राणी स्थिरावण्याच्या काळासह सहा-सात आठवडे लागले. पहिले अर्क त्वचेत टोचून, आठवड्याने त्वचेवर ठेवून, दोन आठवडे विश्रांती देऊन मग आव्हान-पट्टी, म्हणजे ॲलर्जी उमटते का हे पाहणारी पट्टी, लावतात आणि लाली व सूज ० ते ३ या श्रेणीत मोजतात. मी एकदाच तिथे गेले. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी मला एका प्राण्याची भादरलेली, गुलाबीसर बाजू दाखवली आणि म्हणाल्या, “काही नाही बघा.” मी खरेच काही नाही ना, म्हणून दोनदा वाकून पाहिले. अहवालात सगळ्या चाचणी-प्राण्यांपुढे शून्य होते.

आता फाइल पुढच्या टप्प्याकडे, म्हणजे नैदानिक अभ्यासाच्या आराखड्याकडे गेली आहे आणि तो माझ्या अधिकाराबाहेरचा विषय आहे. माझ्याकडे दोन कामे उरली आहेत. पहिले वापराच्या सूचनापत्रातल्या एका इशाऱ्याचे. रुग्णाला बुरशीचा संसर्ग आहे का, हे पाहण्यासाठी रक्तातले बीटा-ग्लुकन मोजतात, आणि जखमेवरच्या साध्या कापसाच्या जाळीनेही ही तपासणी खोटी सकारात्मक येऊ शकते, हे नोंदवले गेले आहे. आमची पट्टी तर ग्लुकनचीच. मोठ्या जखमेवर ती लावली असेल तर डॉक्टरांनी त्या तपासणीचा आकडा कसा वाचावा, हे दोन ओळींत लिहायचे आहे आणि त्या दोन ओळींचे माझे सहा मसुदे झाले आहेत.

दुसरे काम साठवणीचे आहे. सप्टेंबरच्या बॅचमधले चोवीस निर्जंतुक नग सीलबंद पिशव्यांत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले आहेत. दर सहा महिन्यांनी त्यांतले चार काढून ओले असताना किती ताण सहन करतात ते मोजायचे. पहिल्या चार पिशव्यांवर या महिन्याची तारीख आहे आणि त्या सोमवारी उघडायच्या आहेत.